आमची वाटचाल : वीतभर पाण्यातली बोट

जळगावच्या एमआयडीसीत आमचं मूळ काम सबमर्सिबल मोटारींच्या रिवाइंडिंगचं. बोटीच्या नादाला लावलं ते आप्पांनी, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने. त्यांच्या मत्स्य संस्थेच्या तलावात पहाटे मासळी मरून तरंगायची आणि दुपारी घेतलेला पाण्याचा नमुना उत्तम यायचा. येणारच! शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच तो ओढून घेतं. उजाडायच्या आधी डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, तळाला गेलेला असतो. मासळीला लिटरमागे 4 मिलिग्रॅम तरी हवा. पण पहाटे चारला गाळात उतरणार कोण?

म्हणून बोट, माणसाशिवाय फिरून पाणी तपासणारी. 160 मिलिमीटरचे दोन पीव्हीसी पाइप, टोकांना एंड कॅप, सॉल्व्हंट सिमेंट, वर प्लाय. पाइपांच्या गावात दुसरं काय वापरणार? मेंदू आर्डूपायलट या स्वयंचलनाच्या सॉफ्टवेअरचा, नकाशावर बिंदू टाकले की बोट आपली आपण जाते. पहिला पंखा पाण्याखाली होता. दहा मिनिटांत पाणवेलींनी त्याची वेणी घातली. आमचे फिटर नाना अमळनेरकडचे. वेली कापता कापता वैतागले, "भाऊ, पंखा पानीमा कसाले? वर लाव ना!" वर लावला. तेव्हापासून वीतभर पाणी पुरतं.

मग तो डेमो, पाणी तपासणीचं काम मिळवण्यासाठीचा. मे महिना, साहेब मंडळी मंडपात, शेजारी बाहेरून आलेली दुसरी कंपनी, फायबरची चकचकीत बोट घेऊन. आमची सोडली तर जागच्या जागी गरगर फिरायला लागली. "बोटीला ऊन लागलं वाटतं," त्यांच्यातला एक म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि अजून चीड येते ती त्याचीच. काम त्यांना गेलं. सेन्सर कर्ज काढून घेतले होते. हप्ते थकले, रिवाइंडिंगची दोन मशिनं विकली, नानांचा तीन महिन्यांचा पगार राहिला. ते रोज वेळेवर येत होते.

दोष आठवड्याने सापडला. बॅटरीची केबल कंपासच्या, म्हणजे बोटीला दिशा सांगणाऱ्या होकायंत्राच्या, खालून गेलेली. वर्कशॉपात कॅलिब्रेशन बरोबर यायचं, कारण तिथे मोटार बंद. पाण्यात मोटारीने करंट ओढला की केबलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राने बोटीची उत्तर दिशाच सरकायची. नानांनी दोन्ही वायरींना पीळ दिला, कंपास भंगारातल्या पाइपच्या तुकड्यावर उंच चढवला. किती उंच, ते इथे लिहीत नाही.

आप्पांनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले, पावतीही मागितली नाही. पुढे हतनूर धरणाच्या बॅकवॉटरपर्यंत काम गेलं, ठीक चाललं.

या धंद्यात नवीन असाल तर पीएचचा (पाण्याची आम्लता मोजणारा) प्रोब डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, मरतो. केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) द्रावणात ठेवा. आणि दुपारच्या डीओवर अहवाल लिहू नका.

त्यांची फायबरची बोट जलपर्णीत अडकली तेव्हा मी बघायला गेलो नव्हतो, असं घरी सांगितलंय. मागच्या महिन्यात त्यांचाच फोन आला, कंपास किती उंचीवर बसवता? म्हटलं, थंडीत भरीत खायला या, मग बोलू.