रंगाआधी चेसिसचे रिव्हेट तपासा
जुना ट्रक नव्याने उभा करताना केबिनचा रंग नंतर, आधी चेसिस, म्हणजे ट्रकचा खालचा लोखंडी सांगाडा, उघडी करा. रेल म्हणजे सांगाड्याच्या दोन बाजूंच्या लांब तुळया. त्या दुहेरी, म्हणजे एकात एक बसवलेल्या असतील तर दोन पत्र्यांमध्ये गंज फुगतो आणि रिव्हेटांमधला (पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यांमधला) भाग पोटासारखा बाहेर येतो. वरून कितीही ब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करा, तो गंज निघत नाही. रेल सुट्या कराव्याच लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नकाच.

हातोडी मारल्यावर रिव्हेट खणखणीत न वाजता बद्द वाजला, डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसली, की तो सैल झालाय. डोकं ग्राइंडरने उडवा, मधोमध ड्रिल करून ठोकून काढा. गॅस कटर नको, भोक वेडंवाकडं होतं. मग रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) भोक साफ करून त्यात घट्ट बसणारा १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट.

रेलच्या वरच्या-खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) मात्र भोक पाडू नका. वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक, तडा तिथूनच जातो.