डोक्याला काही विचारू नका

अंग दमलं की ते सांगतं. पाय भरून येतात, कंबर धरते, आणि आडवं पडल्या पडल्या डोळा लागतो. डोकं दमलं की सगळं उलटं. दिवसभर खुर्चीतून न हललेला माणूस संध्याकाळी पार पिळून निघालेला असतो आणि रात्री टक्क जागा! वर घरातलं कोणीतरी विचारतं, 'एवढं काय केलंस आज?' याला धड उत्तर देण्याचंही त्राण नसतं.

हे त्राण जातं कुठे? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसलेले असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा त्याचा. डोकं खाजवलं की हा खर्च भसाभस वाढत असेल असं वाटतं, पण वाढ किरकोळच असते. तेव्हा नुसतं इंधन संपलं म्हणून भागत नाही. पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी दिवसभर अवघड बौद्धिक कामाला जुंपलं, काहींना तसंच पण सोपं काम दिलं. अवघडवाल्यांच्या मेंदूत, कपाळामागच्या भागात, ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त साठलेलं दिसलं. आणि दिवस संपताना काही निवडायला सांगितलं, की हीच मंडळी कष्ट नको, वाट बघणं नको, लगेच मिळेल ते द्या म्हणू लागली.

हे वाचून मला फार बरं वाटलं. संध्याकाळी मी प्रत्येक प्रश्नाला 'काहीही चालेल' म्हणतो, तो निव्वळ आळस नव्हे तर!

म्हणूनच दमल्यावर हातात फोन घेणं मला विश्रांती वाटेनासं झालंय. बोट सरकवायचं, हे बघू की ते, थांबू की पुढे जाऊ, याला उत्तर देऊ की उद्या. सगळे निर्णयच, फक्त चिल्लर. ज्या डोक्याला काही ठरवणं नको झालंय, त्यालाच आपण पुन्हा ठरवायला बसवतो. घरातला खरा आराम तो, जो काहीच विचारत नाही.

कोमट पाण्याची बादली काही विचारत नाही. पाय सोडून बसायचं, बस्स. यामागची गंमत अशी, की कोमट पाण्याने हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता तिथून बाहेर पडते, आणि शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं. झोप येण्याआधी शरीर हेच करत असतं; आपण त्याला जरा हात देतो. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला, त्यात झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंघोळ केली की झोप लवकर लागते असं दिसलं. मी काही बादलीत तापमापक घालत नाही. हात सांगतो तेवढं ऊन पाणी पुरतं. (आणि हो, टॉवेल आधीच जवळ घेऊन बसायचा. नाहीतर निथळते पाय घेऊन तो शोधण्यात सगळा आराम धुऊन जातो.)

दिवे मंद करावेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. करत कोणी नाही.

धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं हाही त्यातलाच आराम. हातांना काम, डोक्याला सुट्टी. पण इथे मेख आहे. ढीग आधीपासून खुर्चीवर बसून आपल्याकडे रोखून बघत असेल, तर ते राहिलेलं काम झालं आणि त्यातून कसलाही आराम मिळत नाही. घडीची कड कडेला जुळवण्यात मजा वाटली तर घालावी, नाहीतर ढीग दाराआड करावा.

राहिलेल्या कामांचं मात्र काहीतरी करावंच लागतं, कारण रात्री तीच उशाशी येऊन बसतात. त्यावर कागद-पेन्सिल. २०१८ च्या एका प्रयोगात काही जणांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी झालेल्या कामांची. मला वाटलं होतं, झालेली कामं लिहिणाऱ्यांना समाधानाने झोप लागेल. लवकर झोपले ते करायची कामं लिहिणारे! शिवाय यादी जितकी बारकाव्यांची, तितकी झोप लवकर. 'ऑफिसचं बघणे' असं लिहून भागत नाही. कोणाला, काय कळवायचं, ते लिहावं. एकदा कागदावर उतरलं की डोक्याने ते धरून ठेवायची गरज उरत नाही.

अर्थात बादली आणि कागदाची धाव साध्या थकव्यापुरतीच. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जावं, आणि तेही 'बघू पुढच्या महिन्यात' न म्हणता.

राहता राहिली घरातली माणसं. ती प्रेमानेच विचारतात, 'काय झालं? बोलायचंय का? बाहेर जाऊया की पडतोस जरा?' चार प्रश्न, म्हणजे पुन्हा चार निर्णय. त्यापेक्षा जो आपलं पुस्तक घेऊन त्याच खोलीत येऊन बसतो आणि पानं उलटत राहतो, तो मला जास्त जवळचा वाटतो. फक्त मधेच एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून 'पटतं का तुला?' असं त्याने विचारू नये.