वीतभर पाण्यातला फिल्टर

फोनवर ताई एवढंच म्हणाल्या, "फिल्टर किंचाळतोय आणि कासव तिरकं पोहतंय."

माशांचे टँक बसवणं आणि त्यांची देखभाल करणं हे माझं काम. कासवासाठी बोलावणं तसं क्वचितच येतं.

तिरकं पोहण्याचं कारण पशुवैद्यांनी आधीच सांगितलं होतं: फुप्फुसाचा संसर्ग. औषध सुरू होतं, आणि पाणी उथळ ठेवायला सांगितलं होतं. कासव राहतं पाण्यात, पण श्वास घेतं हवेत. अंगात त्राण नसलं की दर श्वासाला पोहून वर येणं त्याला झेपत नाही. ताईंनी तातडीने बादलीने पाणी उपसलं. 90 बाय 45 सेंटिमीटरच्या टँकमध्ये उरलं जेमतेम 8 सेंटिमीटर. काठाला अडकवलेल्या फिल्टरची नळी हवेत लटकत होती, मोटर कोरडी घरघरत होती आणि उभा हीटर अर्धा उघडा पडला होता. आधी दोन्ही प्लग काढले. तापलेल्या काचेवर पाणी उडालं असतं तर हीटर तडकायला वेळ लागला नसता.

मी टेप काढतोय तोवर कासव दगडावर चढायला गेलं आणि घसरून उताणं पडलं. पाय हवेत, नाक पाण्याखाली. "काका, ते बुडतंय!" ताईंचा मुलगा ओरडला. मी हात घालून ते सरळ केलं. उथळ पाण्यातही कासव बुडतं हे वाचलं होतं, बघितलं मात्र त्या दिवशी. पाणी निदान कवचाच्या रुंदीपेक्षा खोल हवं, म्हणजे उलटलेल्या कासवाला वळायला जागा मिळते. कवच मोजलं: 14 सेंटिमीटर लांब, 11 रुंद. पातळी 15 ठरवली. एवढ्यात मागच्या पायांवर उभं राहून मान ताणली की नाक वर पोचतं. निसरडा दगड काढून खडबडीत उतार लावला, शेवटचं टोक कोरडं, दिव्याखाली.

खरी कटकट पुढे होती. हा टँक 40 सेंटिमीटर भरला की 162 लिटर पाणी होतं, 15 ला सुमारे 60. कासव घाण तेवढीच करणार, म्हणजे त्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया जवळजवळ तिप्पट दाट. पाणी कमी केलं की फिल्टर उलट जास्त ताकदीचा लागतो, हे लोकांना पटवताना माझा घसा बसतो. ताईंनी तर जुना स्पंज नळाखाली चोळून लख्ख करायला घेतला होता. अर्धा वाचला. अमोनिया पचवणारे जिवाणू त्या चिकट थरातच असतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. तो मळका अर्धा मी नव्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे नळ्यांनी टँकला जोडलेल्या बंद डब्यात, घातला.

कॅनिस्टर खाली जमिनीवर असतो, पाणी त्यात सायफनने उतरतं. पण इथे पाण्याला आधी 30 सेंटिमीटर वर, टँकच्या काठापर्यंत चढायचं होतं. हातपंप दाबून दाबून अंगठा दुखला, नळीत नुसती हवा. शेवटी डबा आणि नळ्या आधीच पाण्याने भरून जोडल्या, तेव्हा धार लागली. तरी आतली लांब नळी तळाला टेकून वाकडी होत होती आणि भोवरा करून हवा ओढत होती. ती कापून आखूड केली, तोंडाला स्पंज लावला आणि जाळी तळाजवळ नेली. परतीची नळी काचेकडे वळवली, नाहीतर त्या धारेने आजारी कासव टँकभर फिरलं असतं. हीटर आडवा, पूर्ण पाण्याखाली, भोवती जाळीची टोपी.

एवढं करूनही रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं आणि खाणं वेगळ्या टबात द्यायचं, असं बजावून आलो. "आणि हात साबणाने," मुलाला सांगितलं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो.

काही आठवड्यांनी पशुवैद्यांनी पाणी वाढवायला परवानगी दिली. कासव सपाट पोहत होतं. ताईंनी नळीचा कापलेला तुकडा कागदात गुंडाळून जपून ठेवला होता. तो परत जोडायचा सांधा मी विसरून आलो होतो.