बाबांच्या स्क्वाड्रनचा मेळावा: नाशिक ते नेरूळ

दर वर्षी नोव्हेंबरात बाबांना त्यांच्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई दलातल्या जुन्या तुकडीच्या, मेळाव्याचं निमंत्रण यायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी माझ्या मुलाची परीक्षा, कधी आईचं दुखणं, मग करोना. आई गेल्यावर बाबांनी तो विषय काढणंच सोडलं. या वेळी मी त्यांना न विचारता पंचवटी एक्सप्रेसची तिकिटं काढली. 7 डिसेंबर 2025, रविवार, नवी मुंबईतलं नेरूळ.

बाबा हवाई दलात इंजिन फिटर, पुण्याजवळ लोहगावला, कॅनबेरा विमानांवर. निवृत्तीनंतर ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात लागले आणि आम्ही नाशिककर झालो. कॅनबेरा हे बॉम्बर विमान आपल्याकडे 1957 साली आलं. गोवामुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला, पुण्याहून उडून दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनीच. 2007 च्या मे महिन्यात आग्र्याला त्यांना निरोप दिला गेला. 1971 च्या लढाईत कॅनबेराचं काम मुख्यतः रात्रीचं, म्हणून जमिनीवर विमानं तयार करणाऱ्या माणसांचंही रात्रीचंच. मंडळींच्या इच्छेनुसार स्क्वाड्रनचा नंबर इथे लिहीत नाही.

आता प्रवासाचं. पंचवटी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते आणि दहाच्या आसपास ठाण्याला पोचवते. तिथे पूल ओलांडून 9-10 नंबरच्या फलाटावर जायचं, ट्रान्स हार्बरच्या लोकल तिथून सुटतात. वयस्कर माणूस सोबत असेल तर गर्दीबरोबर जिन्याकडे वाहत जाऊ नका, लिफ्ट कुठे आहे ते विचारा. आणि इंडिकेटर नीट वाचा. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे. आमच्या डोळ्यांदेखत एक काका-काकू वाशीच्या गाडीत चढले, तेही आमच्याच मेळाव्याला निघालेले, आणि तासभर उशिरा पोचले. रविवारी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे शनिवारी रात्रीच बातम्या बघून ठेवा.

पत्ता घेताना फक्त सेक्टर नंबर घेऊ नका. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे, म्हणजे उपनगराचे, सेक्टर वेगळे, तेच नंबर वाशीत, नेरुळात, खारघरमध्ये पुन्हा येतात. नोड, सेक्टर आणि प्लॉट नंबर, तिन्ही रिक्षावाल्याला सांगा.

हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद. ऐंशी पार केलेली माणसं कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत वर चढत होती, हे मला सहन झालं नाही. संयोजकांना मी तिथेच सांगितलं, पुढच्या वर्षी तळमजल्याचाच हॉल बघा. त्यांनी मान्य केलं. तरीही जाण्याआधी फोन करून खात्री करून घ्या.

दारातच एक सरदारजी बाबांसमोर उभे राहिले. दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिले. बाबांनी त्यांचा सर्व्हिस नंबर म्हटला, पूर्ण, एकही आकडा न चुकता. सरदारजींनी बाबांचा म्हटला. नाव त्यानंतर.

मग खुर्च्या ओढून सहा-सात जण बसले आणि कॅनबेराचं इंजिन सुरू करायला लागले. खरंच सांगते. या इंजिनाचा स्टार्टर काडतुसावर चालायचा. काडतूस पेटलं की त्याच्या गॅसच्या जोरावर इंजिन फिरायला लागायचं आणि पुढून काळा धूर भसकन यायचा. बाबांनी टेबलावरचा स्टीलचा पेला आडवा धरला, तो स्टार्टर. सरदारजी हातात पाण्याची बाटली घेऊन बाजूला उभे, ते अग्निशामक. तिसऱ्याने अंगठा वर केला. "काडतूस नहीं फूटा तो?" चौथ्याने विचारलं आणि सगळे एकदम ओरडले, "रुको! हाथ मत लगाओ!" न फुटलेल्या काडतुसाजवळ लगेच जायचं नाही, हा नियम पन्नास वर्षांनंतरही अंगात मुरलेला. बाबांच्या उजव्या मनगटावर एक पांढरा डाग आहे. लहानपणी विचारलं तर 'स्टोव्हचा' म्हणायचे. तो स्टोव्हचा नाही, हे मला त्या टेबलावर कळलं.

तेवढ्यात मागून एक उंच गृहस्थ आले, जुने नॅव्हिगेटर, म्हणजे विमानात बसून मार्ग सांगणारे अधिकारी. बाबा ताडकन उठले, "सर". त्यांनी बाबांना खांद्याला धरून बसवलं आणि म्हणाले, "फॉर्म 700 पर तुम्हारा साइन देखके हम बैठते थे।" विमान उड्डाणाला तयार आहे, अशी प्रत्येक फिटरने सही करायची ती वही म्हणजे फॉर्म 700. बाबा काही बोलले नाहीत. जेवताना मात्र त्यांनी मला दोनदा विचारलं, "ऐकलंस ना, काय म्हणाले सर?"

स्टेजवरचा कार्यक्रम ठरावीक होता: दीपप्रज्वलन, मौन, सत्कार. मौनाआधी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, अकरा. मिग-21 या लढाऊ विमानाच्या 26 सप्टेंबरच्या निरोपाचा विषय निघाला, तेव्हा त्यावर काम केलेले दोघे हळवे झाले.

एक महत्त्वाचं. एका दिवसात जाऊन येऊ नका. लांबून आलेली मंडळी शनिवारीच येऊन लॉजवर उतरली होती आणि खरं बोलणं त्या रात्री झालं. त्याचे तुकडे बाबांना रविवारी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागले. माझी ही चूक मला अजून लागून आहे. मुलं-नातवंडं सोबत असतील तर त्यांना मोबाइल देऊन कोपऱ्यात बसवू नका, टेबलाशी बसवा. ही माणसं घरी हे सांगत नाहीत.

कागदपत्रं जरूर न्या: पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स. चिपळूणहून एक काकू एकट्या आल्या होत्या. नवऱ्याच्या कागदांवर त्यांचं नाव एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे, त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेलं. स्क्वाड्रनमध्ये क्लार्क असलेल्या एकांनी तिथेच अर्ज लिहून दिला, स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलवर काय भरायचं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काय मागायचं तेही समजावलं. तुमचे वडील हयात आहेत तोवर आईचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी करून घ्या. नंतर एकट्या बाईला ते फार जड जातं. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड तर प्रवासात खिशातच हवं.

जुने फोटो नेणार असाल तर आधी मोबाइलवर काढून ठेवा आणि तिथे एक पेन्सिल न्या. आमच्या फोटोतल्या नऊ जणांपैकी बाबांना सहा आठवत होते. उरलेली तीन नावं तिथे मिळाली, मी मागे लिहून घेतली.

वर्गणी माणशी 1,200 रुपये, दिवंगत सहकाऱ्यांच्या पत्नींना काही नाही. बंगळूरकडून येणाऱ्यांची पुढच्या वर्षी सोय झाली आहे: नवी मुंबईचा विमानतळ 8 ऑक्टोबरला, म्हणजे हवाई दल दिनालाच, उद्घाटन होऊन 25 डिसेंबरपासून प्रवाशांसाठी सुरू झाला. त्या धावपट्टीवर सगळ्यात आधी उतरलं ते हवाई दलाचं सी-295 विमान, ऑक्टोबर 2024 मध्ये. हे सांगताना मंडळींचा आवाज चढला होता.

परतीची पंचवटी सव्वासहाला सीएसएमटीहून निघते, ठाण्याला पावणेसातच्या आधीच फलाटावर थांबा. येताना आम्ही दोघं होतो, जाताना तिघं. बाबांच्या बिलेटमधले, म्हणजे राहायच्या बराकीतले, एक काका सिन्नरला राहतात, आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर, आणि चाळीस वर्षं दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. सकाळी ते याच गाडीने आले होते, दुसऱ्या डब्यातून. पुढच्या वेळची तीन तिकिटं मी काढणार आहे, शनिवारची. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.