‘चिन्ह बदलतं’ म्हणजे नक्की कुठलं चिन्ह? मायनसवाल्या इनइक्वॅलिटीचा माझा अनुभव

शाळा सुटून चौदा वर्षं झाल्यावर एका प्रवेश परीक्षेसाठी मला परत गणित घेऊन बसावं लागलं. टक्केवारी, गुणोत्तर, साधी समीकरणं, हे सगळं हळूहळू हाताला बसलं. पण इनइक्वॅलिटी, म्हणजे मधे बरोबरच्या जागी लहान-मोठ्याचं चिन्ह असलेली गणितं, आणि त्यातही क्ष मायनसमध्ये असला की मी जी अडायचे ती अडायचेच. पहिल्या मॉक टेस्टमध्ये या टॉपिकचे आठ प्रश्न होते, सहा चुकले, आणि जे दोन बरोबर आले ते का बरोबर आले हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मला जास्त लागलं ते हेच.

पहिलं चुकलेलं गणित अजून वहीत आहे. ७ − ३क्ष > १९. मी ७ पलीकडे नेले, −३क्ष > १२ आलं, मग −३ ने भागलं आणि लिहिलं क्ष > −४. उत्तर होतं क्ष < −४. आता ‘मायनसने भागलं की चिन्ह बदलतं’ हा नियम मला माहीत नव्हता असं नाही, शाळेत घोकलेलाच होता. पण त्याच शाळेत अजून एक वाक्य घोकलेलं असतं, ‘या बाजूचं त्या बाजूला गेलं की चिन्ह बदलतं’, आणि ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकांत पार गुंतून बसली होती, कारण एकात चिन्ह म्हणजे प्लस-मायनस आणि दुसऱ्यात चिन्ह म्हणजे ते लहान-मोठं, आणि शब्द मात्र दोन्हीकडे तोच. त्यामुळे पुढच्याच गणितात, ३क्ष > −१२ मध्ये, मी उलट चूक केली, मायनस दिसला म्हणून क्ष < −४ लिहून मोकळी. तिथे तर मी भागत होते +३ ने! मायनस नुसता समोर दिसतोय म्हणून काहीच फिरत नाही, उत्तर सरळ क्ष > −४.

मग मी एक केलं, शब्दच वेगळे केले. प्लस-मायनसला ‘चिन्ह’ म्हणायचं आणि < > ला ‘चोच’. चोचीचं टोक कायम लहान संख्येकडे. आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की काही मिळवलं, वजा केलं, या बाजूचं त्या बाजूला नेलं तर चोच फिरत नाही, दोन्ही बाजूंना पूर्णच्या पूर्ण मायनस संख्येने गुणलं किंवा भागलं तरच फिरते. एवढ्याशा बदलाने निम्म्या चुका थांबल्या. ज्यांची अशीच गल्लत होते त्यांनी हे खरंच करून बघा.

पण का फिरते हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. संख्यारेषा काढली. २ आणि ५, दोन्ही शून्याच्या उजवीकडे, ५ जास्त लांब. आता दोघांना −१ ने गुणलं की दोघंही शून्याच्या पलीकडे जातात, आरशात गेल्यासारखे, आणि जो जास्त लांब होता तो तिकडेही जास्त लांबच राहतो, फक्त डावीकडे लांब म्हणजे लहान. म्हणून २ < ५ पण −२ > −५. मायनसने गुणणं म्हणजे अख्खी रेषा शून्याभोवती उलटी करणं, मग क्रम उलटणारच.

तरी मनात शंका होती की हा कुणीतरी लावून दिलेला नियम तर नाही ना, म्हणून तेच गणित मी मायनसने न भागता सोडवलं. −३क्ष > १२ मध्ये −३क्ष उजवीकडे नेला आणि १२ डावीकडे आणला, −१२ > ३क्ष झालं, मग +३ ने भागलं, −४ > क्ष. म्हणजे क्ष हा −४ पेक्षा लहान. चोच मी एकदाही फिरवली नाही आणि उत्तर तेच आलं! त्या क्षणी तो नियम खरा माझा झाला. अजूनही घाई असली की मी क्ष अशा बाजूला नेते जिथे त्याच्यापुढे प्लस येईल, एक ओळ जास्त जाते पण चूक होत नाही.

आपल्याकडे मायनसला ‘ऋण’ म्हणतात तो शब्दही इथे फार उपयोगी पडतो. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले, धन म्हणजे जवळची संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. आठाचं कर्ज असलेल्यापेक्षा पाचाचं कर्ज असलेला बऱ्या स्थितीत, म्हणजे −५ > −८. मला मायनस संख्यांमधली लहान-मोठी अशीच पटकन ओळखू येते. चोचीची ही खूण मात्र खूप नंतरची, टॉमस हॅरियट नावाच्या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात ती १६३१ साली छापली गेली, तीही तो गेल्यानंतर दहा वर्षांनी.

पुढची अडचण जास्त खोल होती. −क्ष दिसला की मी तो मायनसच धरून चालायचे. पण क्षच जर −६ असेल तर −क्ष म्हणजे ६, चांगला प्लस! अक्षरापुढचा मायनस हे सांगत नाही की किंमत मायनस आहे, तो फक्त सांगतो की क्षच्या उलट घ्या. ‘क्ष < ० असेल तर पुढीलपैकी सर्वात मोठं कोण’ असे प्रश्न यायचे आणि पर्यायात −क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, १/क्ष असं सगळं असायचं. मी एकच संख्या घालून बघायचे, −२. वर्ग ४, घन −८, १/क्ष −१/२, −क्ष म्हणजे २. वर्ग मोठा, झालं. पण −१/२ घालून बघा, वर्ग १/४, घन −१/८, १/क्ष होतो −२, आणि −क्ष १/२, आता −क्ष वर्गापेक्षा मोठा! −१ च्या अलीकडे आणि पलीकडे चित्र वेगळं असतं, आणि बरोबर −१ वर तर क्ष, घन आणि १/क्ष तिघं एकच. तेव्हापासून मी −२, −१/२, १/२, २ या चार संख्या आणि जोडीला −१, ०, १ घालून बघितल्याशिवाय असल्या प्रश्नाला हात लावत नाही.

आता ते गणित, ज्याने माझे चार दिवस खाल्ले. ६/क्ष > −२.

मी काय केलं, दोन्ही बाजूंना क्षने गुणलं, ६ > −२क्ष, मग −२ ने भागलं, चोच फिरवली (आता ते पक्कं झालं होतं), −३ < क्ष, म्हणजे क्ष > −३. खूश. उत्तर बघितलं तर ‘क्ष < −३ किंवा क्ष > ०’. मला वाटलं छापायची चूक असणार. मग क्ष = −१ घालून बघितलं, माझ्या उत्तरात तो बसतो, पण ६ भागिले −१ म्हणजे −६, आणि −६ काही −२ पेक्षा मोठा नाही. आणि क्ष = −६ माझ्या उत्तरात नाही, पण ६ भागिले −६ म्हणजे −१, तो −२ पेक्षा मोठा आहे. म्हणजे जे धरायला हवं ते मी सोडलं होतं आणि जे सोडायला हवं ते धरलं होतं.

पुन्हा पुन्हा प्रत्येक ओळ वाचली, भागाकार बघितला, चोच बघितली, सगळं बरोबर. चौथ्या दिवशी मी पहिल्या ओळीवर येऊन थांबले. क्षने गुणलं. पण क्ष प्लस आहे की मायनस हे मला कुठे माहीत आहे? तो मायनस असेल तर गुणतानाच चोच फिरायला हवी होती, आणि मी तर तो प्लस आहे असं न सांगता धरून टाकलं होतं. चूक दिसत नव्हती कारण ती लिहिलेल्या ओळीत नव्हतीच, ती मी मनात गृहीत धरलेल्या गोष्टीत होती.

मग दोन केसेस. क्ष > ० असेल तर ६/क्ष प्लस, आणि प्लस संख्या −२ पेक्षा मोठी असतेच, म्हणजे सगळे प्लस क्ष चालतात. क्ष < ० असेल तर गुणताना चोच फिरते, ६ < −२क्ष, मग −२ ने भागताना परत फिरते, क्ष < −३. शून्य तर छेदात चालतच नाही. झालं उत्तर.

नंतर एक अजून छान रस्ता सापडला, क्षने न गुणता क्षच्या वर्गाने गुणायचं, कारण वर्ग शून्य नसेल तर प्लसच असतो. ६क्ष > −२ × क्षचा वर्ग, सगळं एका बाजूला घेऊन २ ने भागलं की क्ष(क्ष + ३) > ०. आता −३ आणि ० हे दोन बिंदू रेषेवर मांडायचे, त्यांनी रेषेचे तीन तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यातली एक संख्या घालून फक्त प्लस येतं की मायनस तेवढं बघायचं. प्लस, मायनस, प्लस. तेच उत्तर, आणि केसेस न पाडता.

वर्गाची दुसरी एक चूक मी कितीतरी दिवस करत होते. क्षचा वर्ग > २५ असेल तर मी लिहायचे क्ष > ±५, आणि याला काही अर्थच नाही. क्ष > ५ किंवा क्ष < −५, म्हणजे शून्यापासून पाचापेक्षा लांब, दोन्हीकडे. तसंच दोन्ही बाजूंचा सरळ वर्ग करून चालत नाही, −७ < ३ पण ४९ > ९. आणि उलटे अपूर्णांक घ्यायचे तर आधी दोघांचं चिन्ह सारखं आहे का बघायचं, −४ < −२ चं उलटं केलं की −१/४ > −१/२, चोच फिरली, पण −४ < २ मध्ये −१/४ < १/२, नाही फिरली.

साधारण दीड महिना मी रोज पाचच गणितं केली, पण प्रत्येक उत्तरातून एक आतली आणि एक बाहेरची संख्या मूळ प्रश्नात घालून बघायची हे एकदाही सोडलं नाही. (क्ष + ३)/(क्ष − २) ≤ २ सारख्या गणितात आता मी छेदाने गुणतच नाही, २ डावीकडे आणते, एकच अपूर्णांक करते, (७ − क्ष)/(क्ष − २) ≤ ०, बिंदू २ आणि ७, आणि क्ष < २ किंवा क्ष ≥ ७. सात धरायचा कारण तिथे बरोबर २ येतात, दोन सोडायचा कारण तिथे छेद शून्य होतो.

परवाच्या टेस्टमध्ये प्रश्न होता, क्ष < य < ० असेल तर क्ष/य हा १ पेक्षा मोठा असेलच का. आधी पेन्सिल थांबली, यने भागायचंय, यचं चिन्ह माहीत आहे का? आहे, मायनस, प्रश्नातच दिलंय. चोच फिरवली, क्ष/य > १. −६ आणि −२ घालून बघितलं, ३ आले. सध्या अ × क्ष > ब वर आहे, जिथे अ काय आहे तेच दिलेलं नसतं, आणि तिथे केसेस तीन पडतात, अ प्लस, अ मायनस, आणि अ शून्य. शून्याची केस मी अजून कधीकधी विसरते.