‘कशाला हवंय?’

ताई फिनलंडची राजधानी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिच्याकडे गेले, तेव्हा सकाळी आठला उजाडायचं आणि दुपारी चारनंतर पुन्हा काळोख. पहिल्याच पहाटे जिन्यात पावलं वाजली आणि समोरच्या दाराच्या खाचेतून काहीतरी धप्पकन आत पडलं. "शेजारच्या आजींचा पेपर," ताई झोपेतच म्हणाली. १८८९मध्ये सुरू झालेलं ‘हेलसिंगिन सानोमात’ आजींच्या घरी आजही रोज छापील येतं.

ताईच्या घरी पेपर नाही. ती फोनवर ‘युले’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘सेल्को’ बातम्या ऐकते. सेल्को म्हणजे सोपं, स्वच्छ. बातम्या खऱ्याच, पण वाक्यं छोटी, शब्द रोजचे आणि वाचण्याची गती संथ. नव्याने भाषा शिकणारे, म्हातारी माणसं, वाचताना अडखळणारे, सगळ्यांसाठी. युलेला जाहिराती नाहीत. पूर्वी टीव्हीचा परवाना काढावा लागे, २०१३पासून त्याऐवजी उत्पन्नानुसार कर घेतात. उत्तरेकडच्या सामी लोकांनाही त्यांच्या भाषेत बातम्या मिळतात. ज्याला भाषा नीट येत नाही, त्यालाही बातमी कळली पाहिजे, हा विचार मला फार भावला. आपल्याकडच्या सरकारी परिपत्रकांची मराठी आठवली. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’ वाचून माझी दहावी शिकलेली आई कागद माझ्याकडे सरकवते.

दुसऱ्या दिवशी ओओदी बघायला गेलो. ओओदी म्हणजे स्तुतिगीत. हेलसिंकीचं हे मध्यवर्ती ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ला, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, उघडलं. रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, आणि बरोबर समोर संसद. मी दारापाशी जरा घुटमळले. कार्ड, नोंदवही, बॅग ठेवायची जागा, असं काहीतरी असेल असं वाटत होतं. काहीच नव्हतं. माणसं सरळ आत जात होती, मीही गेले.

दुसऱ्या मजल्यावर शिलाई मशीनवर एक मुलगा पँटची चेन बदलत होता. शेजारी थ्रीडी प्रिंटर चालू होते. तिसऱ्या मजल्यावर सुमारे एक लाख पुस्तकं, कपाटं मुद्दाम बुटकी, त्यामुळे पलीकडच्या काचेतून आभाळ दिसतं. वर जाणाऱ्या गोल जिन्याच्या कठड्यावर आतून शब्दच शब्द लिहिलेत. हे ग्रंथालय कोणाकोणाला अर्पण केलंय, त्याची ती यादी आहे, असं ताईने सांगितलं. मी तिथे तासभर बसले. मला काय हवंय, मी कोण, किती वेळ बसणार, एकाही माणसाने विचारलं नाही.

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. म्हणून माझी गोष्ट सांगते. मी रत्नागिरीची. आमच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ची, मी तिथेच वाचायला शिकले, त्यामुळे ग्रंथालयाचं अप्रूप मला नवं नाही. पण दोन वर्षांपूर्वी गावच्या नळपाणी योजनेचा खर्च बघावा म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. पलीकडचा पहिला प्रश्न, "कशाला हवंय तुम्हाला?" मी घाबरून अर्जाखाली चार ओळींचं कारण लिहून दिलं. तीस दिवसांत उत्तर आलंच नाही, प्रथम अपिलानंतर कागद मिळाले. २००५च्या कायद्याचं कलम ६(२) मी नंतर वाचलं. अर्जदाराकडून कारण मागता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. फिनलंडच्या १९९९च्या कायद्यातही सार्वजनिक कागद मागणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही.

संध्याकाळी आजींकडे कॉफी होती. ताई भाषांतर करत होती. मी ही हकीकत सांगितली तशी आजी उठल्या आणि कपाटातून युरो येण्याआधीची, हजार मार्काची जुनी नोट घेऊन आल्या. २९ फेब्रुवारी २०१२नंतर ही नोट बँकेतही बदलून मिळत नाही, तरी जपून ठेवलेली. त्यावर आंदेर्स क्युदेनियुस या अठराव्या शतकातल्या धर्मोपदेशकाचं चित्र. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. २ डिसेंबर १७६६ला स्टॉकहोममध्ये जो मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यामागे या माणसाची मोठी खटपट होती. सरकारी कागद मागण्याचा आणि ते छापण्याचा हक्क जगात पहिल्यांदा कायद्याने दिला, तो तिथे.

ती तारीख ऐकून मी चमकले. राजस्थानातल्या कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेची पहिली जनसुनवाई झाली, तीही २ डिसेंबरला, १९९४ साली. गावच्या कामांची बिलं आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले. अक्षरओळख नसलेल्या मजुरांनाही त्यामुळे कळलं, की आपल्या नावावर कुणी पैसे उचलले. सेल्को बातम्यांचंच ते रूप म्हणायचं, वाचता न येणाऱ्यापर्यंत कागद पोचवायचा. त्याच चळवळीतून पुढे ब्यावरचं १९९६चं चाळीस दिवसांचं धरणं आणि आपल्या देशाचा माहिती अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर २००२चाच.

त्याच आठवड्यात इथे सगळ्यांचे कराचे आकडे जाहीर झाले. वर्षाला एक लाख युरोहून जास्त कमावणाऱ्यांच्या याद्या पेपरांत येतात, त्या दिवसाला लोक ‘हेव्याचा दिवस’ म्हणतात. माझं उत्पन्न शेजाऱ्यांनी वाचावं का, याबद्दल माझं मन अजून तयार नाही. आजींना मात्र त्यात वावगं वाटत नव्हतं. "मी भरते, तो भरतो का, ते मला दिसायला हवं," एवढंच त्या म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा ओओदीत गेले. खिडकीतून संसदेच्या पायऱ्या दिसत होत्या, बर्फ भुरभुरत होतं. नळपाणी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याचा अर्ज तिथेच टेबलावर बसून लिहिला. या वेळी कारणाच्या ओळी लिहिल्या नाहीत.