वॉटर मेझ : पोहण्यातून स्मृती वेगळी काढताना

उंदराला जागा किती आठवते हे तपासणारा मॉरिस वॉटर मेझ कागदावर फार सोपा दिसतो. गोल हौद, पाण्याखाली दडवलेला प्लॅटफॉर्म आणि खोलीतल्या खुणांवरून तो शोधून काढणारा उंदीर. रिचर्ड मॉरिस यांनी सेंट अँड्र्यूज विद्यापीठातून १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा केलेल्या उंदरांना ती जागा शिकता येत नाही, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. माझा बराचसा वेळ मात्र जातो तो स्मृतीखेरीजचं बाकी सगळं बाजूला काढण्यात.

सुरुवात फॉर्म बीपासून, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जापासून. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीसमोर जाताना गटात इतकेच प्राणी का, याचा हिशेब आणि थकलेला किंवा बुडू लागलेला उंदीर वेळ संपायची वाट न पाहता बाहेर काढला जाईल, हे वाक्य मी आधीच लिहून ठेवतो. समिती हे विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

विस्टार या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांसाठी मी दीड मीटर व्यासाचा काळा हौद आणि १० सेंटिमीटरचा काळा प्लॅटफॉर्म वापरतो. उंदीर पांढरा, हौद काळा, त्यामुळे कॅमेऱ्याला तो नीट दिसतो आणि साधं पाणी चालतं. पांढऱ्या हौदात प्लॅटफॉर्म दिसू नये म्हणून दूध पावडर घालायची पद्धत आहे, पण ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर नासते. प्लॅटफॉर्म पाण्याखाली दीड-दोन सेंटिमीटर. पाणी ३५ सेंटिमीटर भरलं की साधारण ६२० लिटर होतं. ते २८ अंशांवरून २४ वर आणायला २४ किलोच्या आसपास बर्फ लागतो, म्हणून बर्फवाल्याला आदल्या दिवशीच सांगावं. पाणी कोमट असेल तर उंदराला बाहेर पडायची घाई राहत नाही. फार गार असेल तर अंग गारठून तो शेवटच्या फेऱ्यांत मंदावतो आणि आपण त्याला ‘विसरला’ म्हणतो. प्रत्येक फेरीनंतर टॉवेल आणि कोमट जागा हवीच.

भिंतींवर मोठ्या, एकमेकींपासून वेगळ्या आकृत्या लावतो आणि संपूर्ण प्रयोगभर त्या हलवत नाही. उभा राहणारा माणूसही उंदरासाठी एक खूणच असतो, तेव्हा दररोज त्याच कोपऱ्यात उभं राहायचं. फेऱ्यांच्या मधे पाणी ढवळून घ्यायचं, म्हणजे वासाचा माग उरत नाही.

पाच दिवस, रोज चार फेऱ्या. प्लॅटफॉर्म नैर्ऋत्येला असेल तर मी उत्तर, पूर्व, आग्नेय आणि वायव्य इथून क्रम बदलत सोडतो. यांतली कुठलीच जागा प्लॅटफॉर्मच्या फार जवळ नाही. तोंड भिंतीकडे करून अलगद सोडायचं. ६० सेकंदांत सापडला नाही तर हाताने तिथवर न्यायचं आणि १५ सेकंद बसू द्यायचं. आजूबाजू पाहण्याची ही वेळ वाचवायला जाऊ नये, शिकणं बरंचसं तिथंच होतं. सहाव्या दिवशी प्लॅटफॉर्म काढून ६० सेकंदांची परीक्षा. हौदाच्या चार सारख्या भागांपैकी कुठल्याही एकात योगायोगाने २५ टक्के वेळ जातोच, तुलना त्या आकड्याशी. मी पहिले ३० सेकंद वेगळे पाहतो, कारण काही नाही असं कळल्यावर हुशार उंदीर दुसरीकडे शोधू लागतो आणि पूर्ण मिनिटाची सरासरी त्याचं शिकणं झाकून टाकते.

सर्वाधिक घोळ इथेच होतो : प्लॅटफॉर्मपर्यंतचा वेळ म्हणजेच स्मृती, असं मानून आलेख काढला जातो. एखाद्या औषधाचा स्मृतीवरचा परिणाम तपासताना त्या औषधाने गुंगी आली, पोहण्याचा वेग कमी झाला, तरी वेळ वाढतो. म्हणून वेग आणि पोहून कापलेलं अंतर दोन्ही मांडावं. भिंतीला चिकटून फिरणारा उंदीर घाबरलेला असू शकतो. त्याला जागा आठवत नाही असं त्यावरून ठरत नाही. स्मृती बिघडवण्यासाठी वापरलं जाणारं स्कोपोलामाइन हे औषध दिलेल्या उंदरांत भिंतीलगतच्या या घिरट्या हमखास दिसतात, आणि त्यावरच ‘स्मृतिभ्रंशाचं मॉडेल’ उभं करणं मला पटत नाही. १९९५ मध्ये सॉसिए आणि केन यांनी दाखवलं, की हौदाची रीत आधी शिकवलेली असेल तर शिकण्याशी जोडले जाणारे मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर (पेशींवरचे संदेश घेणारे रेणू) रोखूनही उंदीर जागा शिकतात. नवखेपणाचा अडथळा आणि जागा न आठवणं यांत किती फरक आहे, ते यातून कळतं.

त्यासाठी दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची चाचणी वगळू नये. वर झेंडी लावायची, खुणा पडद्याने झाकायच्या आणि दर फेरीला जागा बदलायची. औषधाचा गट इथेही मागे पडला तर दोष नजरेत, पोहण्यात किंवा इच्छेत शोधावा. माइस, म्हणजे लहान जातीचे उंदीर, वापरताना तर वंश आधी तपासा : सी३एच माइसच्या डोळ्यांतला पडदा लहानपणीच झिजतो, त्यांना कुठल्या खुणा दिसणार? काही माइस पोहतच नाहीत, नुसते तरंगतात. असे प्राणी वगळायचे असतील तर निकष प्रयोगाआधी लिहून ठेवावा, आणि कोण कुठल्या गटातलं हे उघड होण्यापूर्वीच तो लावावा.